शस्त्रातील जादूचे मोल फासा पडण्याआधी घ्यावे : नियमकर्त्यांस खुले पत्र

प्रति,
टेबलटॉप फँटसी रोलप्लेइंग खेळांचे नियम लिहिणारे, तपासणारे आणि नव्या आवृत्त्यांसाठी त्यांत फेरफार करणारे सर्व जण यांस

विषय : शस्त्राधारित जादू आणि खेळाचा तोल

सप्रेम नमस्कार.

टेबलाभोवती बसून प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो आणि फाशांनी निकाल लागतो, असे हे खेळ; मी ते अनेक वर्षे गेम मास्टर म्हणून, म्हणजे कथा सांगत आणि शत्रू हाताळत, चालवते आहे. ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहावेसे वाटले, तो तसा साधाच होता. माझ्या टेबलावरची एक योद्धा साधा परशू घेऊन एका अरुंद दारात सलग तीन फेऱ्या उभी राहिली; मागचे जखमी साथीदार सावरेपर्यंत येणारा प्रत्येक वार तिने अंगावर घेतला, आणि तिच्या खेळाडूने प्रत्येक पाळीला कुठे उभे राहायचे, कोणाला अडवायचे आणि कोणाला जाऊ द्यायचे याचा बारकाईने विचार केला. चौथ्या फेरीत पॅलाडिन, म्हणजे थोडी जादू जाणणारा धर्मयोद्धा, पुढे आला, वार लागतो का हे ठरवणाऱ्या त्याच्या वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले, आणि ते वीस डोळ्यांनी पाहिल्यानंतर त्याने आपला सर्वांत मोठा स्पेल स्लॉट, म्हणजे मोजक्याच वेळा वापरता येणारे जादूचे बळ, त्या वारात ओतला. शत्रूचा सरदार तिथेच संपला. टेबलावर जल्लोष झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मात्र खेळ आवरताना परशूवाल्या खेळाडूने मला शांतपणे विचारले, "मी तीन फेऱ्या दारात उभी राहिले नसते, तर सरदार मेला नसता का?" मी घरी बसून हिशोब केला. तरीही मेला असता.

यात त्या दोघांपैकी कोणाचीही चूक नव्हती. दोघेही आपण लिहिलेल्या नियमांनुसार, उत्तम खेळले होते. म्हणून हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवते आहे.

शस्त्राधारित जादू म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. काही जादू शस्त्रात कायमची वसलेली असते, काही जादू लढाईपुरती पात्यावर चढवली जाते, आणि काही वेळा वार हाच मंत्र पोहोचवण्याचा मार्ग बनतो. या तिन्ही प्रकारांनी खेळाचा तोल जातो तो वेगवेगळ्या ठिकाणी, आणि नियमपुस्तकांमध्ये मात्र बहुधा एकच उपाय दिसतो, तो म्हणजे आकडा थोडा कमी करणे. माझे म्हणणे असे आहे की आकड्याच्या आकारापेक्षा त्याची किंमत कधी आणि कशात घेतली जाते, याकडे आपण अधिक लक्ष द्यावे.

पहिला प्रकार थोडक्यात आटोपते, कारण तिथे आपण बरेच शिकला आहात. वाराच्या फाशात एक मिळवणारी '+१' ची तलवार सर्वांत निरुपद्रवी दिसते. वीस बाजूंच्या फाशावर तिने एकच बाजू वाढते. पण ज्याला वार लागण्यासाठी ११ हवे असतात, त्याच्या १० बाजूंच्या ११ होतात आणि त्याचे लागणारे वार एक-दशांशाने वाढतात; ज्याला १७ हवे असतात, त्याच्या ४ बाजूंच्या ५ होतात, म्हणजे वाढ थेट पाव हिश्श्याची होते. शत्रू जितका अवघड, तितकी तीच तलवार अधिक मोलाची. या प्रकारातल्या सर्वांत प्रसिद्ध खेळाच्या, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या, २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत या शस्त्रांची किंमत बोनसच्या वर्गाला २,००० ने गुणून ठरत असे, त्यामुळे +१ ला २,००० आणि +५ ला ५०,००० सुवर्णनाणी पडत. हे सूत्र विचारपूर्वक केलेले होते. अडचण अशी होती की वरच्या लेव्हलचे राक्षस लिहिताना पात्रांकडे ती शस्त्रे असणारच, असे गृहीत धरले जात होते. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत हे गृहीतक आणखी घट्ट झाले, आणि शेवटी बोनस शस्त्राऐवजी पात्रालाच आपोआप देण्याचा पर्याय छापावा लागला. त्याच घराण्यातल्या पाथफाइंडर या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही चौथ्या लेव्हलच्या आसपास शस्त्रावर रून (जादुई चिन्ह) कोरून डॅमेजचा, म्हणजे इजा मोजणारा, दुसरा फासा मिळवावा लागतो, आणि तिथेही पुढच्याच वर्षी हे सारे शस्त्रातून काढून पात्रात घालण्याचा पर्यायी नियम आला. जिच्यावाचून खेळाचे गणित कोसळते, त्या वस्तूला खजिन्यात सापडलेले बक्षीस म्हणणे मला पटत नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने आकडे आटोक्यात ठेवले, शस्त्राचा बोनस +३ वर थांबवला आणि जादुई शस्त्रावाचूनही खेळ चालावा असा हिशोब मांडला, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. मात्र त्याच आवृत्तीतल्या कितीतरी राक्षसांवर बिगरजादुई शस्त्राचा वार निम्माच लागत असे, त्यामुळे पुढच्या दाराने बाहेर घालवलेली सक्ती मागच्या दाराने पुन्हा आत आली. नव्या राक्षस-पुस्तकात ही अट बहुतेक ठिकाणी गेली आहे. माझ्या टेबलावरच्या साध्या परशूला तेवढ्यानेही पुष्कळ बळ मिळाले.

आता दुसऱ्या प्रकाराचा, म्हणजे मोजमापाच्या एककाचा, प्रश्न. ज्वाला चढवलेले पाते प्रत्येक लागलेल्या वारावर सहा बाजूंचा एक फासा जास्त देते, म्हणजे सरासरी ३.५ डॅमेज. वार लागण्याची शक्यता ६० टक्के धरली, तर एका पाळीत चार वार करणाऱ्याला या ज्वालेतून सरासरी ८.४ मिळतात आणि एकच घणाघाती वार करणाऱ्याला २.१. वस्तू तीच, छापील किंमत तीच, आणि लाभात चौपट फरक. जादू वारागणिक मोजली की वार वाढवण्याची युक्ती ज्याला सापडते त्याचे फावते, आणि मग नियमकर्त्यांना एकेक युक्ती बुजवत बसावे लागते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीच्या सुरुवातीला १८ ते २० वर क्रिटिकलची (जादा इजेच्या वाराची) संधी देणारी वक्र तलवार जादूने धारदार केली की ती कक्षा १५ ते २० होई, आणि वर योग्य फीट (पात्राने निवडलेले खास कौशल्य) घेतले की १२ ते २०. म्हणजे वीसपैकी नऊ बाजू क्रिटिकलच्या संधीच्या. २००३ च्या सुधारित आवृत्तीने हे दोन लाभ एकत्र करण्यास मनाई केली. मनाई योग्यच होती, परंतु दर वारामागे लाभ मोजण्याची पद्धत जशीच्या तशी राहिली. हाच लाभ 'पाळीतील पहिल्या लागलेल्या वाराला' असा लिहिला असता, तर पुष्कळ युक्त्या जन्माआधीच निरुपयोगी ठरल्या असत्या.

यापेक्षाही मोठा प्रश्न तिसऱ्या प्रकारातल्या वेळेचा आहे, आणि या पत्राचा खरा विषय तोच आहे.

२०१४ च्या नियमांतला पाचव्या लेव्हलचा पॅलाडिन घ्यावा. तो एका पाळीत दोन वार करतो. प्रत्येक वार लागल्यावर त्याने दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट खर्चला, तर प्रत्येकी आठ बाजूंचे तीन फासे, म्हणजे सरासरी १३.५, आणि दोन्ही मिळून २७ डॅमेज शस्त्राच्या मूळ डॅमेजखेरीज मिळते. त्याच लेव्हलचा जादूगार तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट खर्चून फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र टाकतो, त्याचे सहा बाजूंचे आठ फासे सरासरी २८ देतात. फायरबॉल अनेकांना एकदम भाजतो, हा त्याचा मोठा गुण आहे आणि तो मी नाकारत नाही. पण एकाच शत्रूपुरते पाहिले तर दोघांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत, आणि जोखीम मात्र मुळीच सारखी नाही. जादूगाराने मंत्र उच्चारला की स्लॉट गेला. शत्रूने सेव्ह केला, म्हणजे बचावाचा फासा त्याला साधला, तर निम्मे डॅमेज हाती लागते. पॅलाडिन आधी फासा पाहतो आणि मग ठरवतो. त्याचा एकही स्लॉट हुकलेल्या वारावर वाया जात नाही, आणि वीस पडले की फासे दुप्पट होत असल्याने तो सर्वांत मोठा स्लॉट त्याच क्षणासाठी राखून ठेवू शकतो.

या सवलतीचे मोल मोजता येते. वार लागण्याची शक्यता ६० टक्के असेल आणि स्लॉट आधी जाहीर करावा लागत असेल, तर १३.५ डॅमेजच्या स्लॉटचे अपेक्षित मूल्य ८.१ भरते. नंतर जाहीर करण्याची मुभा मिळाली की तोच स्लॉट पूर्ण १३.५ चा होतो. क्रिटिकलचा विचार बाजूला ठेवला तरी केवळ जाहीर करण्याची वेळ बदलल्याने मोल दोन-तृतीयांशाने वाढते, आणि नियमपुस्तकात या वाढीची नोंद कुठेच नसते, कारण फाशांची संख्या दोन्हीकडे तीच दिसते. तोल तपासताना फाशांची बेरीज करणाऱ्यांच्या नजरेतून म्हणूनच ही गोष्ट निसटत असावी, असे मला वाटते.

२०२४ च्या नियमांत पॅलाडिनचा हा प्रहार मंत्र बनला, त्याला बोनस ॲक्शन, म्हणजे पाळीतली छोटी जादा कृती, लागू झाली आणि तो पाळीत एकदाच करता येऊ लागला. त्यामुळे माझ्या उदाहरणातील २७ चे १३.५ झाले. अनेक पॅलाडिन-खेळाडूंना हे कडू लागले हे मला माहीत आहे, तरी या बदलाच्या बाजूने मी उभी आहे. मात्र बोनस ॲक्शन आजही वार लागल्यानंतरच घेतली जाते. पाळीचा हिशोब आपण दुरुस्त केला. जोखमीचा हिशोब अजून बाकी आहे.

हा हिशोब कसा दुरुस्त होतो याचे माझ्या अनुभवातले सर्वांत चांगले उदाहरण पाथफाइंडरमधील मेगस या मंत्र आणि शस्त्र एकत्र वापरणाऱ्या पात्रप्रकाराचे आहे. २०११ मध्ये आलेला मूळ मेगस स्पर्शाचा मंत्र पात्यातून सोडू शकत असे, आणि तसे करताना मंत्रालाही पात्याची क्रिटिकल कक्षा मिळत असे. पाचव्या लेव्हलला पाच फाशांचा विजेचा मंत्र आणि १८ ते २० वर क्रिटिकल देणारी वक्र तलवार ही जोडी इतकी सरस ठरली की माझ्यापुढे आलेला जवळपास प्रत्येक मेगस तीच तलवार आणि तोच मंत्र घेऊन येई. तोल बिघडण्याचे हे रूप मला सर्वांत दुःखद वाटते, कारण यात कोणी हरत नाही, फक्त निवडच नाहीशी होते. २०२१ च्या मेगसची रचना वेगळी आहे. पाळीतील तीनपैकी दोन ॲक्शन मंत्रवारात जातात, एकाच फाशाने वार आणि मंत्र दोन्हींचा निकाल लागतो, वार हुकला तर मंत्रही जातो, आणि पुन्हा असा वार करण्याआधी बहुधा एक ॲक्शन खर्चून पाते नव्याने सज्ज करावे लागते. म्हणजे दोन आणि एक मिळून पूर्ण पाळी. अशा मेगसला धावाधाव परवडत नाही. त्याला उभे राहायला सुरक्षित जागा हवी असते, शत्रू त्याच्या समोर येऊन ठेपावा लागतो, आणि ती जागा राखणारे कोणीतरी लागते. माझ्या टेबलावर हे नियम लागू झाले तेव्हा दारात उभ्या राहणाऱ्या परशूवालीला मेगसच्या खेळाडूने स्वतःहून सांगितले, "तू तिथे आहेस तोवरच मला हे जमतं." मला जे हवे होते ते नेमके हेच होते. जादूचे मोल पाळीत आणि जोखमीत चुकते झाले की साथीदाराच्या कामाला आपोआप किंमत येते.

जुन्या खेळांनाही ही वाट ठाऊक होती. १९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये पाते तीक्ष्ण करण्याचा मंत्र कोणतेही पात्र शिकू शकत असे, त्याचे पॉइंट आधी खर्चावे लागत, आणि प्रत्येक पॉइंटमागे वार लागण्याची शक्यता ५ टक्क्यांनी व डॅमेज १ ने वाढे. तिथे जादू सर्वांना खुली असल्याने 'जादूवाला योद्धा' आणि 'बिनजादूचा योद्धा' ही दरीच उभी राहिली नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ती दरी उभी राहिली, आणि तिचा इतिहास थोडा मागे जातो. १९७४ च्या मूळ नियमांत जादूगाराच्या हाती केवळ खंजीर चाले आणि क्लेरिकला, म्हणजे पुरोहिताला, धारदार शस्त्र वर्ज्य होते, त्यामुळे जादुई तलवारी आपसूकच योद्ध्याच्या वाट्याला येत. त्या तलवारींना बुद्धी आणि अहंकार असे. प्रबळ तलवार धारकालाच ताब्यात घेऊ शके. म्हणजे सर्वांत मोठी शस्त्रजादू बिनमंत्राच्या पात्राकडे जाई आणि तिची किंमतही कथेतच वसूल होई. पुढे शस्त्रांवरची बंधने सैल होत गेली, जे खेळाडूंच्या दृष्टीने चांगलेच झाले, पण योद्ध्याचा गेलेला वारसा त्याला दुसऱ्या कोणत्याही रूपात परत मिळाला नाही. २०१७ मध्ये हेक्सब्लेड वॉरलॉक (करारातून जादू मिळवणारा शस्त्रधारी) आला आणि एका लेव्हलच्या मोबदल्यात पॅलाडिनसारख्या पात्राला शक्तीऐवजी करिश्म्यावर, म्हणजे ज्या गुणावर त्याची जादू चालते त्यावरच, तलवार चालवता येऊ लागली. त्याआधी २०१५ मध्ये आलेले शस्त्रवाराचे कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारे छोटे मंत्र) मला खूप आवडले होते, कारण ते पूर्ण ॲक्शन घेत आणि अनेक वार करणाऱ्याला त्यासाठी आपले जादा वार सोडावे लागत. २०२० मध्ये ब्लेडसिंगरला (तलवार चालवणाऱ्या जादूगाराला) दोनपैकी एका वाराच्या जागी कॅन्ट्रिप वापरण्याची मुभा मिळाली आणि ती किंमत एका ओळीने निम्मी झाली. चांगली रचना कशी हळूहळू झिजते हे मी तिथे पाहिले.

किंमत घ्यावी असे म्हणताना ती कोणत्याही स्वरूपात चालेल, असे मात्र मी म्हणत नाही. २००५ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या वारसा-शस्त्रांसाठी आलेल्या नियमांत शस्त्राची शक्ती उलगडत जाताना धारकाला वाराच्या फाशावर किंवा हिट पॉइंटांवर (पात्राच्या जीवबळावर) कायमचा तोटा सोसावा लागे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यावर खेळाडूजवळ उरते ती बेरीज-वजाबाकी, आणि तिच्यात निवड कुठेच नसते. याच्या उलट १९९३ च्या अर्थडॉन या खेळात शस्त्राचा इतिहास शोधावा लागतो, ते कोणी घडवले, कोणत्या लढाईत ते हरवले, हे कळल्याखेरीज त्याच्याशी पुढचा जादुई धागा जोडता येत नाही. तिथे किंमत म्हणून मोजावे लागणारे श्रम हाच खेळ असतो. साधा परशूसुद्धा दहा मोहिमांनंतर तसा होऊ शकतो, आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही.

माझ्या मागणीवर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो मी हलका मानत नाही. वीस पडल्यावर मूठभर फासे उधळण्यात जो आनंद आहे, तो हिशोबापायी हिरावून घेऊ नये, असे अनेक जण म्हणतील. माझ्या टेबलावरचा तो जल्लोष मलाही प्रिय आहे. पण मी तोच प्रहार आधी जाहीर करायला लावून काही महिने खेळवला आहे, आणि मला दिसले ते असे की फासा हातातून सुटण्याआधीच सगळे टेबल श्वास रोखून पाहू लागते. वार हुकला तर हळहळ सर्वांची असते. वीस पडले तर आनंद आधीपेक्षा मोठा असतो, कारण त्यामागे खेळाडूने लावलेली पैज असते. अर्थात हुकलेला स्लॉट पूर्ण बुडणे पॅलाडिनसारख्या मोजक्या स्लॉटांच्या पात्राला जड जाते. म्हणून हुकल्यास स्लॉट न जाता फक्त ती बोनस ॲक्शन वाया जावी, असा मधला मार्ग मी शेवटी स्वीकारला. त्यात जोखीम राहते आणि शिक्षा सोसण्याजोगी होते.

दिवसभरात किती लढाया होतील यावरही बरेच अवलंबून असते, हे मान्य. २०१४ च्या मार्गदर्शकात दिवसाला सहा ते आठ लढाया धरल्या होत्या, आणि ज्या टेबलावर एकच लढाई होते तिथे स्लॉट राखून ठेवण्याचे कारणच उरत नाही. पण टेबल कसे चालेल हे आपल्या हातात नाही. नियम कसा लिहिला जाईल हे आहे.

म्हणून माझी विनंती अशी. पुढच्या आवृत्तीत शस्त्रातून जाणाऱ्या जादूचा प्रत्येक नियम लिहिताना तो वारागणिक न मोजता पाळीगणिक मोजावा. फासा पडण्याआधी खेळाडूला काहीतरी पणाला लावावे लागेल अशी त्याची रचना असावी. आणि त्याची चाचणी घेताना टेबलावर साधे शस्त्र घेतलेले एक पात्र मुद्दाम बसवावे, व सत्र संपल्यावर पहिला प्रश्न त्याच्या खेळाडूला विचारावा. चाचणीचा मसुदा आपण प्रसिद्ध कराल तेव्हा मी तो माझ्या टेबलावर चालवीन. परशूवाली खेळाडू तयार आहे, पॅलाडिनही तयार आहे, आणि प्रत्येक पाळीची नोंद ठेवण्याची दोघांनी हमी दिली आहे. ती वही आपल्याकडे पाठवण्याची जबाबदारी माझी.

आपली नम्र,
एक गेम मास्टर